पांढऱ्या दगडांचा ढीग

आई, आज तुझ्या खदानीत जाऊन आले. वडनेरच्या रस्त्यावरची, जिथे तू गिट्टी फोडायचीस, तीच. आता हातानं कोणी फोडत नाही, क्रशर आलाय, आणि त्याच्या धुळीनं आजूबाजूच्या बाभळी राखाडी झाल्यात. मी अजून कॉलेजात भूशास्त्रच शिकवते. तू सगळ्यांना सांगायचीस, पोरगी दगडाची मास्तरीण झाली. लोक हसायचे आणि तू त्यांच्याहून जास्त हसायचीस.

अकरा विद्यार्थी घेऊन गेले होते, पण जाणं काही सोपं नव्हतं. मागच्या वर्षी बाहेरून आलेल्या कुठल्याशा गटातला एक मुलगा जीवाश्म काढायला थेट कड्याखाली शिरला आणि वरून दगड सुटला. खांद्यावर निभावलं. तेव्हापासून मॅनेजरनं विद्यार्थ्यांना साफ बंदी केली. मी तीनदा गेले; तिन्ही वेळा चहा मिळाला, परवानगी नाही. पुस्तकातली चित्रं दाखवून मी पोरांना किती वर्षं शिकवणार होते? चौथ्या वेळी चहाचा कप हातात असतानाच तू आठवलीस. मी म्हटलं, भाऊ, मला तुमची ती कड्याची भिंत नकोच. तुम्ही पांढरा दगड बाजूला टाकता ना, तेवढा ढीग द्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

"मॅडम, तो तं कचरा हाये. गिट्टीत चालत नाई म्हून फेकतो आमी."

मला ते ठाऊक नसेल होय? काळ्या दगडातून पांढरा वेचून फेकायचं काम तर तुझंच होतं.

मी नऊ-दहा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे आणि मी तुझ्यामागे खदानीत आले आहे. भिंतीत काहीतरी चमकतं, मी धावत सुटते. तू डोक्यावरची पाटी तिथंच टाकतेस, मागून येऊन माझी वेणी धरतेस आणि मला ओढत त्या ढिगापाशी आणून बसवतेस. वर एक धपाटा. "इथं बस. हे दगड पडून झाले हायेत. पडलेला दगड डोक्यावर येत नाई. त्या भितीतला कवा येईन ते त्यालेबी मालूम नाई." मी भोकाड पसरलं. रडता रडता हाताला आलेला एक दगड उलटा केला, तर त्यात बोटाच्या पेराएवढी गोगलगाय, पूर्ण दगडाची. रडणं तिथंच राहिलं. मग जेवणाच्या सुट्टीत तू भाकरी बाजूला ठेवून मला आणखी दगड फोडून दिलेस. कपच्या उडतात म्हणून घाव घालायच्या आधी माझ्या तोंडावर पदर टाकायचीस. मला नुसता हातोडीचा आवाज यायचा, आणि पदर काढला की समोर नवी गोगलगाय. त्या सगळ्या डाव्या अंगाला वळतात हे तुला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मला ते पुढे कॉलेजात शिकवलं, तेव्हा मी मान डोलावून नवं कळल्यासारखं दाखवलं.

आज सुरुंगाचा दिवस नव्हता आणि यंत्रं जेवणासाठी थांबली होती. रजिस्टरवर सह्या झाल्या, डोक्यावर टोप्या चढल्या, डोळ्यांना चष्मे लागले, आणि पोरांनी ढीग बघून तोंडं पाडली. एवढ्या लांब कचरा चिवडायला आणलं का, असं एक जण पुटपुटलाच. पाच मिनिटांत एका मुलीला पहिली गोगलगाय सापडली आणि मग काय विचारतेस! डबे तसेच राहिले. इथं कोट्यवधी वर्षांपूर्वी तळं होतं, त्यावर तापलेला लाव्हा आला, असं मी सांगत होते, पण ऐकतंय कोण. जो तो आपला दगड दुसऱ्याच्या नाकाखाली धरत होता. आई, मला इतका आनंद झाला की मीही त्यांच्यात बसून दगड उलटे करायला लागले.

आणि नेमकं तेव्हाच मला ते दिसलं. भिंतीत, पुरुषभर उंचीवर, झाडाचं खोड, दगड झालेलं, सालीच्या रेघांसकट. उद्याच्या सुरुंगात ते जाणार होतं. मी कधी निघाले ते मलाच कळलं नाही. आखलेली चुन्याची रेघ ओलांडून दहा-बारा पावलं गेले असेन, तेवढ्यात मॅनेजरची शिट्टी वाजली.

"मॅडम, मांगं या. भितीले तुमची टोपी दिसत नाई."

मी मागे आले. अकराही जण हातातले दगड विसरून माझ्याकडे बघत होते. मी सरळ म्हटलं, परीक्षा घेत होते तुमची, मॅडम रेघ ओलांडताना कोण हटकतं ते बघत होते. सगळ्यांना पटलं. एकीनं तर ते वहीत लिहून घेतलं. मॅनेजरना पटलं नाही. निघताना मी पुढच्या वर्षीचं विचारलं, तर म्हणाले, "पोट्ट्यायले पाठवा. तुमचं पाहू." मी गाडीत बसून वडनेर येईपर्यंत हसत होते, पण ते सगळंच हसणं खरं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. परीक्षाबिरीक्षा काही नव्हती, आई. मला ते खोड हवं होतं, आणि तेवढ्या पावलांपुरती मी पोरं विसरले, परवानगी विसरले, तुलाही विसरले. उद्या पहिल्या तासाला वर्गात हेच सांगायचंय, वहीतलं वाक्य खोडायला लावायचंय. आधी तुला सांगून पाहिलं. जमेल असं वाटतं.