लंगोटांच्या पिशवीतलं पिस्तूल

अहो,

मंजूचा लंगोट काढायला पिशवीत हात घातला, तर तळाशी तुमच्या साहेबाचं शिकारीचं पिस्तूल! सरहद्दीपलीकडच्या येना शहरात श्रीनाथभावजींकडे खंडेनवमीला खरं शस्त्र पुजायचं म्हणून? साहेबाचा परवाना तिथे चालत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. "लेकुरवाळीची पिशवी कोण तपासतं?" असं काल हसत म्हणालात, ते यासाठी होय! सापडलं असतं तर पकडलं असतं मला, मांडीवरच्या पोरीसकट. शिसारी आली मला. इंजिनिअरच्या घरी पूजेला पाना-हातोडी पुरत नाही का?

पिशवी तशीच पलंगावर आहे. लंगोट शेजारच्या सरलावहिनींकडून घेईन. आम्ही दोघी तिथेच आहोत. पिस्तूल साहेबाला परत देऊन या, मग बोलू. न्यायचंच असेल, तर स्वतःच्या खिशात घालून एकटे जा.

सुधा