मास्तरच्या कार्डावरची तिसरी ओळ

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इथे सगळं ठीक, माझे गुडघे सोडून. वहिनीला सांग, लोकर मिळाली. स्वेटर हिवाळ्यापर्यंत होईल. कुठल्या हिवाळ्यापर्यंत ते विचारू नये.

तुझी लेक शुक्रवारी घरी येते आहे. तिच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते.

परवा रविवारी विद्यापीठाच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा झाल्या. सगळा कारभार विद्यार्थ्यांचा. अकरा जणांची समिती, त्यात अध्यक्ष सहा असावेत, कारण कामं सांगणारे सहा होते. चुन्याच्या रेषा आखण्यापासून लीद उचलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा ठराव. तरी कबूल करते, आमच्या परीक्षा विभागात दोन महिने जे हलत नाही, ते ही पोरं एका सकाळी उरकतात.

त्यांची एक पद्धत मला फार आवडते. पाहुण्या संघाने घोडे आणायचेच नाहीत. घोडे यजमानांचे, जोड्या चिठ्ठ्या टाकून. एकाच घोड्यावर आधी पाहुणा बसतो, मग यजमान, आणि त्या दोघांत सरस कोण ते बघतात; सरस ठरलेल्यांतून मग पहिला नंबर. घोड्याला दोष द्यायची सोय नाही. आता यजमानांना घोड्यांच्या खोडी पाठ, पाहुण्यांना नाहीत. म्हणून प्रत्येक घोड्याचं एक कार्ड. खोडी खऱ्याखऱ्या लिहून ते पाहुण्याच्या हातात द्यायचं. माणसांची अशी कार्डं निघाली तर निम्मी लग्नं जुळायची नाहीत.

वीस वर्षं पदव्यांवर लोकांची नावं लिहिते आहे, तेव्हा कार्डांसाठी मलाच धरलं. आमच्या संघाची कप्तान म्हणून तुझ्या लेकीने वहीत खोडी टिपल्या होत्या; मी नुसत्या उतरवायच्या.

तिच्या चिठ्ठीत मास्तर निघाला होता. तपकिरी म्हातारा घोडा. त्याला सगळं येतं, पण मनात असेल तर. वहीत त्याच्यापुढे तीन ओळी होत्या. तिसरी अशी: लागोपाठच्या दोन अडथळ्यांत दुसऱ्यापुढे ऐन वेळी थांबतो, टाच आधीच मारावी.

कार्डावर दोनच ओळी गेल्या.

पाहुण्यांची मुलगी दुसऱ्या अडथळ्यापाशी मास्तरच्या मानेवरून पलीकडे गेली. मास्तर अलीकडे उभा राहून तिच्याकडे बघत होता. खांद्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. मग तुझी लेक बसली, तिने टाच आधी मारली आणि पहिली आली.

संध्याकाळी समितीने वही आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. अध्यक्षबाईंनी, वय वर्षं एकोणीस, शांतपणे विचारलं की ही ओळ कुणी गाळली. मी तोंड उघडायच्या आत तुझी लेक म्हणाली, "मी सांगितलं गाळायला. आत्याने फक्त लिहिलं."

"तोंड उघडायच्या आत" हे मी वर खोटं लिहिलं. वेळ भरपूर होता. भिंतीवरचं घड्याळ मी नीट पाहिलं.

तिचं बक्षीस गेलं, कप्तानपद गेलं, वर्षभर घोड्यावर बसायची बंदी. मला चहा दिला.

तिने मला काहीएक सांगितलं नव्हतं, दादा. माझ्या नोकरीची तीन वर्षं उरलीत, एवढं तिला माहीत होतं. आणि मला माहीत होतं ते तुझं फोनवरचं वाक्य: या वर्षी पहिली आली नाही तर घोडे बंद. तुझ्यावर ढकलत नाही. तू नुसता बोललास, पेन माझ्या हातात होतं.

मग आम्ही घरी आलो. बूट काढता काढता ती म्हणाली, "मी तशीही जिंकले असते, आत्या. आता ते कधी कळणारच नाही."

मी तिचे बूट उचलून जागेवर ठेवले. आयुष्यात प्रथमच, हे तू कॅलेंडरवर टिपून ठेवलंस तरी चालेल.

आज सकाळी समितीला खरं काय ते लिहून दिलं. एक प्रत आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. पुढे व्हायचं ते होवो. मग हॉस्पिटलात त्या मुलीला भेटले, तिलाही सांगितलं. कार्ड तिच्या उशाशी होतं. ते हातात घेऊन ती म्हणाली, अक्षर मात्र सुंदर आहे.

लेक दारात आली की जिंकलीस का, असं विचारू नकोस. ओळ आपणच गाळायला सांगितली, असं ती तुलाही सांगेल. तिचं बोलून होऊ दे, मग हे पत्र तिच्या हातात दे.

तुझी धाकटी बहीण
(खोड: ऐन वेळी थांबते. या वेळी ओळ गाळलेली नाही.)