न गळलेली पानं

मी, करुणा कडुबा दाभाडे, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. मला वेड लागलंय असं म्हणायला पुतण्या तयारच बसलाय, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे पती कडुबा यांनी त्यांच्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं की, अंगणातला लिंब, म्हणजे कडुलिंब, जिवंत असेपर्यंत घर आणि जागा माझी, माझ्यामागं मी देईन त्याची; लिंब मेला तर सगळं पुतण्या प्रणयचं. "लिंब तुला पुरून उरेल, तुला कुणी बाहेर काढणार नाही," असं ते म्हणायचे. भला माणूस. जालना रोडच्या जागेला सोन्याचा भाव आल्यावर प्रणयच्या वाटेत फक्त एक झाड उरेल, हे त्यांना सुचलंच नाही.

२. गेल्या वैशाखात लिंब आठवड्याभरात तपकिरी पडला. प्रणय म्हणाला, "काकू, उन्हाळा लई कडक होता. वाळलं झाड, त्याला कोण काय करणार?" पण पानं खाली पडलीच नाहीत. पावसाळा गेला, फाल्गुन गेला, पानं तिथंच. दुपारी वारा नसतानाही खुळखुळतात. कावळासुद्धा बसत नाही. मला भीती वाटते, ती लपवत नाही.

तहानलेलं झाड पान आपणहून सोडतं, हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. देठाच्या बुडाशी पेशी विभागून एक थर बांधतात, मग त्यातल्या काही ठरल्याप्रमाणे मरतात आणि पान सुटतं. बाकीचं झाड जगावं म्हणून. ते जिवंत झाडाचं काम आहे, मेलेल्याला जमत नाही. माझी जुनी विद्यार्थिनी शाइस्ता आता कॉलेजात शिकवते. तिनं देठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि म्हणाली, "बाई, इथं थरच बांधला नाय. हे वाळलं नाय, एकदम मारलंय." मग बुंध्याला शेणानं लिंपलेली भोकं सापडली, आत विष ओतलेलं.

३. प्रणयला: वाळलेलं खोड, सगळ्या पानांसकट. शिवाय पाण्याच्या टाकीमागं सापडलेलं, भोकं पाडायचं गिरमिट. त्याच्या मुठीवर प्रणयच्या बापाचं नाव कोरलंय, तेव्हा "माझं नाही" म्हणायची त्याला सोय नाही.

४. भांडी शेजारच्या आशाबाईला देऊन झाली, पुस्तकं शाळेला. मीही एकेक पान सोडत चालले आहे. सावकाश गेले तर घर रिकामं सापडेल. पण दोरीवर ओली साडी, कपात अर्धा चहा आणि परातीत मळलेली कणीक ठेवून मी गेले, तर "वय झालं होतं" हे कुणाचंही ऐकू नका. सरळ पोलिसांत जा.

५. महिन्याभरापूर्वी माझ्या पलंगाखालची फरशी कुरकुरायला लागली. उंदीर असेल म्हणून वाकून बघितलं. फरशीच्या सांध्यातून एक कोंब वर आला होता, उजेडाविना फिकट पांढरा, माझ्या उशाकडं मान वळवलेला. शाइस्तानं फरशी उचलून पाहिली. बी पडून उगवलेलं रोप नाही ते. अंगणातल्या लिंबाचंच मूळ घराखालून आलंय, त्यावरच तो फुटलाय. वरचं सगळं गेल्यावर मुळातल्या निजलेल्या पेशी विभागायला लागल्या. रोज त्याच्यावर झोपताना अंगावर काटा येतो. तरी पलंग हलवत नाही, कारण प्रणय दर रविवारी घर बघून जातो.

६. सबब लिंब जिवंत आहे. घर आणि जागा शाइस्ता फारूख शेख हिला देत आहे. तिनं त्या खोलीचं छप्पर काढावं आणि कोंबाला ऊन दाखवावं. माझी राख त्याला घालू नये, पाणी घालावं.

सही: करुणा कडुबा दाभाडे
ठिकाण: चिकलठाणा. दिनांक: १७ एप्रिल २०२५

साक्षीदार: बन्सी माधव घुले, आशाबाई खरात.

करुणाबाईंनी आमच्यासमोर सही केली. नंतर त्यांच्या सांगण्यावरून आम्ही पलंग सरकवला. कोंबाचं बुडातलं एक पान सुकत आलं होतं. कुणीही हात न लावता ते आमच्यादेखत गळालं.