चार वर्षांची गाडी

जालना, मंगळवार, संध्याकाळ

राहुल लंडनहून कायमचा परत येतोय, पण तिथली गाडी आणायचीच म्हणतो. कर गाडीच्या किमतीहून जास्त, तोही भरायला तयार आहे. पण तीन वर्षांहून जुनी गाडी आपल्याकडे आणता येत नाही आणि त्याची चार वर्षांची. नात जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून याच गाडीतून घरी आणलं, म्हणून त्याला सोडवत नाही. मला कळतं ते. मी तिचं पहिलं झबलं अजून जपलंय.

आज फोनवर म्हणाला, "आई, गाडी पाठवणारा एजंट कागदावर साल बदलून देतो. तू बिलकुल घाबरू नको."

"आणि बंदरावर पकडलं तर?"

"तुझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी तुला नुसतं भ्यायलाच शिकवलं!"

हसू आलं, पण क्षणभरच. चार वर्षांची गाडी तीनची दाखवायची, आणि नातीसमोर बापाला पोलिसांनी नेलं तर?

म्हटलं, "गाडी तिथंच विक. तू ये."

"मंग मी येत न्हाई इतक्यात," म्हणाला आणि फोन ठेवला.

बरोबरच बोलले ना मी? पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन. पण तो पुन्हा विचारेल का?