टाकीतलं पाव पाणी

प्रिय दादा,

वणव्यात तुझं घर पेटलं तेव्हा आमच्या आगीच्या बंबाच्या टाकीत पाव भाग पाणी शिल्लक होतं. तू टाकीचा काटा पाहिला होतास.

"अरे रसेल, पाणी आहे की अजून! मार ना!" तू बंबाच्या दारावर बुक्के मारत होतास. युकलिप्टसची जळती साल आमच्या अंगावर पडत होती. पोस्टातली नोरीन पाइप धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला म्हणालो, "गुंडाळ."

शेवटचं पाव पाणी बंबातल्या माणसांसाठी राखायचं, हा आम्हा स्वयंसेवकांचा नियम. परतताना वणव्याने गाठलं, तर तेच बंबावर फवारायचं. आम्ही चौघं होतो. पाचवा तू, तुला ओढून आत घेतलं.

"दळभद्र्या, सख्ख्या भावाचं घर!" एवढंच बोललास. त्याला चौदा महिने झाले.

परतीच्या त्या वाटेवर मी प्रार्थना करत होतो, हे कुणालाच ठाऊक नाही. वणवा आडवा येऊ दे, असं मी देवाकडे मागत होतो. म्हणजे ते पाणी लागलं असतं, आणि तुला ते दिसलं असतं. गाडीत पाच जीव असताना मी हे मागितलं.

वणवा आला नाही. बंबाच्या शेडमध्ये शिरलो तेव्हा काटा पावावरच होता.

त्या प्रार्थनेची क्षमा मी दर रविवारी चर्चमध्ये मागतो. 'गुंडाळ' म्हणाल्याची मागत नाही. उद्या पुन्हा तेच म्हणेन. हे तुला लिहिलं नाही तर पत्र खोटं ठरेल, आणि लिहिलं म्हणून ते टपालात टाकायला नोरीनच्या हाती देववत नाही.

तुझा धाकटा,
रसेल