चार खणांची पेटी

नागापूर, अहमदनगर
गुरुवार, २२ एप्रिल १९९९

श्रीमंतदादांस धाकट्या सहादेवचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व बरे आहे. ऊन फार, त्यामुळे दुपारी स्टुडिओत कोणी फिरकत नाही. कामगार पाळी सुटल्यावर पासपोर्ट फोटोला येतात, तेवढंच. वहिनींचा गुडघा कसा आहे?

घरच्या कॉम्प्युटरसाठी पेटी घेतली, हे कानावर आलंच असेल. चार खण, प्रत्येकात एक हार्ड डिस्क. दुकानदार हसला. "काका, घरच्या कॉम्प्युटरला येवढी पेटी? बँक काढताय का?" आधी त्यानं टेप दाखवली. पण एक फोटो शोधायचा तर सगळी टेप फिरवायची. मग म्हणाला, मशीनच्या आतच दुसरी डिस्क बसवून देतो. मी म्हटलं, मशीनच उचलून नेलं तर? ही पेटी बाहेर राहते, तिला स्वतःचा पंखा आहे, आणि किल्ली फिरवली की खण डिस्कसकट हातात येतो. त्यासाठीच घेतली. चारही डिस्कवर तेच उतरवायचं आणि चार घरी ठेवायचं.

पाडव्याला विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सहादू, त्या डबड्यात काय सोनं ठिवायचंय व्हय रं?" मी हसण्यावारी नेलं. आता सांगतो.

बायडाआत्या तुमच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. फडावरच्या कोप्यांमधलं, त्या पाचटाच्या झोपड्यांमधलं, प्रत्येक बाळ तिच्याच हातावर आलं. निरोप आला की मी कॅमेरा घेऊन जायचो. बाळाशेजारी पाटी, पाटीवर खडूनं तारीख, आणि कागदावर आत्याचा अंगठा. आपल्या दोघांचा जन्म शाळेत एक जूनचा लागला, कारण मास्तरांनी आईला विचारलंच नाही. या पोरांचं तसं होऊ नये, एवढंच मनात होतं. दोनशे बारा पोरं आहेत, सगळ्यांचे फोटो आणि कागद मी कॉम्प्युटरवर उतरवले. गेल्या साली आत्या गेली. आता विचारायला कोणी उरलं नाही.

दिवाळीनंतर एकदा घरी आलो तर कुलूप तुटलेलं, कॉम्प्युटर उघडा, आतली डिस्क नाही. निगेटिव्हचा डबाही नाही. टीव्ही मात्र जागेवर. मी सगळ्यांना सांगितलं, भुरटे चोर होते. दादा, तुमची जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती, हे पानवाल्यानं मला त्याच दिवशी सांगितलं. तुमचं नाव मी कुठे काढलं नाही. पण त्या सगळ्याची एक प्रत नेवाशाला माझा मित्र गहिनीनाथ याच्याकडे होती, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

पाप माझंही आहे. तुमच्या थोरल्या लेकीच्या, लंकाच्या लग्नाचे फोटो मीच काढले. ती तेराची होती, तारीख माझ्याच अक्षरात होती. "हनुवटी वर कर, मोठी दिसशील," असं मी तिला म्हणालो. दोन मुलं तिची पोटातच गेली.

आता तुमची धाकटी, आरती. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या गड्याला तोडीचं काम नाही, म्हणून तुमच्या पाव्हण्यांना सून हवी, आणि तुम्ही मुकादम, शब्द देऊन बसलात. दाखल्यावर एक जून १९८० लिहून आणलंत. माझ्या पाटीवर २२ जानेवारी १९८५ आहे. पोरगी चौदाची आहे. रविवारचं लग्न होणार नाही.

मागच्या एकादशीला नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या खांबापाशी बसलो. थोरल्या भावाच्या विरोधात जाऊ का, हे माउलींना विचारायला गेलो होतो. विचारायचंच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पेटी घेतली.

आरतीचा फोटो आणि अंगठ्याचा कागद लग्न थांबवायच्या अर्जासोबत आज तहसील कचेरीत दिला, पोच घेतली. एक डिस्क माझ्याकडे, एक गहिनीनाथकडे. उरलेल्या दोन कुठे आहेत ते लिहीत नाही. पेटी फोडायला माणसं पाठवायची तर खुशाल पाठवा.

आणि आरतीला विहिरींत शोधू नका. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, वहिनींचा जीव टांगणीला लागला असेल. म्हणूनच पत्र गहिनीनाथच्या हाती पाठवतोय. काल दुपारच्या एसटीनं ती एकटी इथं आली. जेवायच्या आधी म्हणाली, "काका, माजी तारीख दाखवा." दाखवली. बराच वेळ बघत होती.

न्यायला यायचं तर दिवसा या, एकटे या आणि तिलाच विचारा. ती नाही म्हणाली तर मी तुम्हाला दारातून परत पाठवीन. थोरले आहात, पाया पडून पाठवीन, पण पाठवीन.

आरतीचा चुलता,
सहादेव