पुलाच्या अलीकडे

प्रिय ताई,

काल फोनवर तू माझे आभार मानलेस, म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं धाडस मात्र होणार नाही.

या परक्या देशातल्या गावाने स्वतः उभारलेली कामं बघायला आणि त्यांना हातभार लावायला मी चौदा विद्यार्थी घेऊन आलेय. काल झुलत्या पुलाची दुरुस्ती होती. तुझी लेक मध्यावर पोचली आणि तिच्या पायाखालची जुनी फळी तुटून नदीत गेली. दोराला लोंबकळत ती ओरडली, "मावशी, ये ना!"

ताई, मी गेले नाही. इतर मुलांना मागे हटवायच्या निमित्ताने मीच चार पावलं मागे सरले. शेवटी पुलाचं सुतारकाम करणारी बाई पोटावर सरपटत गेली आणि तिला दंडाला धरून घेऊन आली.

संध्याकाळी तुझ्या लेकीने तुला फोनवर सांगितलं, "आई, मावशीनेच वाचवलं मला." तू रडलीस. मी नुसतं "हं" म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"नाहीतर आई तुझ्याशी कधीच बोलली नसती," सोललेल्या तळव्यांवर फुंकर घालत ती म्हणाली.

आज उरलेल्या फळ्या बसवायच्या आहेत. मघाशी ती दाराशी येऊन म्हणाली, "तू इथेच थांब, मावशी."

आणि मी थांबले. सगळे गेलेत. मी खिडकीशी बसून, नदीकडून कुणी ओरडतंय का, ते ऐकतेय.

तुझी,
धाकटी